तिसऱ्या वाटेची सुई

३ जून
आले बाई एकदाची! कंबरदुखीच्या दवाखान्यात नर्स म्हणून आज रुजू झाले. मागची खोली राहायला, खिडकीत भरपूर ऊन. इथे दबलेल्या नसेपाशी स्टेरॉइडची सुई देतात, तीन वाटांनी: माकडहाडातून, दोन मणक्यांच्या मधून, नाहीतर बाजूने थेट नसेच्या तोंडाशी. कुठल्या वाटेने जास्त टिकाऊ आराम पडतो, हे डॉक्टर ताडून बघतायत. खांदे दाबून धरायचं काम माझं. काउंटरवरच्या ताई चाकाच्या खुर्चीत असतात, पण जिभेला हाड नाही. हसून हसून पुरेवाट झाली.

५ जून
डॉक्टर भूल देत नाहीत. पेशंट ओरडला की सुई नसेला भिडली, मगच औषध सोडतात. आज एका सुताराने ओरडता ओरडता माझं मनगट फोडलं दातांनी. डॉक्टर खूश! बोलण्याच्या ओघात मी सांगून बसले, माझाही पाय ठणकतो, लेकीला कडेवर घेता येत नाही. फुकट सुई देतो म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा!

९ जून
पहिली वाट. किंचाळले, पण ठणका गेला. रविवारी आजीबरोबर ये, उचलून घेते, असं लेकीला फोनवर सांगितलं. डॉक्टरांचं तोंड मात्र उतरलं. दुखणंच गेलं तर पुढच्या वाटा ताडणार कशा?

१२ जून
लोखंडी स्टूल घातलं त्यांनी माझ्या कमरेत. पुन्हा घातलं. हाड मोडलेलं ऐकलं मी. मग शांतपणे विचारलं, कळ कुठवर गेली. लगेच दुसरी वाट. लेकीचीही कंबर दुखते का, असंही विचारलं. दाराला बाहेरून कडी घातलीय.

१३ जून
ताई जेवण घेऊन आल्या. त्यांच्यावरही तिन्ही वाटा झाल्यात. तिसरीत पाय गेले. "तिन्ही वाटांना पाठ एकच लागते गं, नाहीतर तुलना कशी होणार?" रडल्या. कडी लावूनच गेल्या.

रविवार
पालथी. पट्ट्यांनी बांधलंय, उशीखालचा हात तेवढा सुटा. वही उशीखाली — सुई बाजूने आत — टेकलीय नसेला. चादर चावतेय. ओरडले नाही अजून. ओरडले नाही तर औषध सुटत नाही —

बेल वाजली. डॉक्टर गेले. ताईंना सांगून गेले, "ही ओरडली की दाब." ताईंचा अंगठा सुईच्या दट्ट्यावर —

बाहेर लेक. आई कुठेय, विचारतेय. डॉक्टर तिला आत ये म्हणतायत, गोड आवाजात —

गेले पाय तर गेले. ओरडते. पळ, बा