बाबांचा नेम

बाबा, तुमच्या साहेबांचं शेवटचं पुस्तक वाचलं. देश सोडावा लागल्यावर त्यांनी परक्या गावात बसून लिहिलेलं. मूळ अरबी, आता हिंदीत आलंय. माझ्या सुनेनं नागपूरहून आणलं. एका डोळ्यानं वाचायचं म्हणजे वेळ लागतो, पण सोडलं नाही. ते मेले तेव्हा त्यांच्या देशानं त्यांना माती द्यायलाही नकार दिला, असं मागच्या पानावर छापलंय. तुम्ही असते तर रडले असते, चारचौघांत.

तुम्ही आखातात त्यांच्या घरी स्वयंपाकी होते, आणि सुट्टीवर पांढुर्ण्याला आले की आमच्या घरात साहेबच साहेब. "साहेब उभ्यानं लिवते. कॉफीत विलायची कमी पडली त कप पालथा ठेवते, बोलत नाही." मग भाजीत मीठ जास्त झालं की तुम्ही ताट पालथं घालायचे, तसेच, न बोलता. आई खाली बसून खरकटं पुसायची. साहेबांनी तिथल्या बड्या घराण्यांची लफडी कादंबरीत मांडली, कादंबरीवर बंदी आली आणि त्या घराण्यांची माणसं गोटे घेऊन फाटकावर चालून आली, हे तर शेजारच्या तिगावपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. "मी फाटकात उभा राह्यलो. सायबाचा गोटा ह्या कपायावर घेतला." आणि टोपी सरकवून खोक दाखवायचे. लोक चहा पाजायचे.

गोटमारीच्या दिवशी, नदीच्या दोन्ही काठांवरून गोटे सुटत होते तेव्हा, मी घरात बसून होतो. पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणाले, "मी परक्या मुलखात गोटा खाल्ला, अन् हे पोट्टं घरच्या नदीवर जाऊन नाही राह्यलं. बांगड्या आणून देऊ का याले?" पाहुणे हसले. मी गेलो. पलीकडून, सावरगावच्या बाजूनं आलेला गोटा डोळ्यावर बसला. दवाखान्यात आई रडत होती तर तिला म्हणाले, "रडू नको, मर्दाचा डाग हाय थो." डाग कसला बाबा, तिथे डोळा होता.

आता पुस्तकात काय आहे ते ऐका. त्यात एक स्वयंपाकी आहे. नाव नाही, पण तो अशा गावचा आहे जिथे नदीच्या दोन काठांवरची माणसं वर्षातून एकदा एकमेकांना दगड मारतात. अशी गावं जगात किती असतील? त्या दिवशी तो कोथिंबीर आणायला बाहेर गेलाय, परतताना फाटकावरच्या गर्दीत सापडतो. आधी भीतीनं सगळ्यांसोबत ओरडतो. मग पिशवी नीट बाजूला ठेवतो आणि वाकून गोटा उचलतो. मालक वरच्या खिडकीतून बघत असतो. दुसऱ्या सकाळी स्वयंपाकी काचा झाडतो, कॉफी करतो, आणि मालक म्हणतो, आज विलायची बरोबर पडली. पुढे कितीतरी वर्षं मालक त्याच्या हातचं जेवतो, एक शब्द विचारत नाही, फक्त तो स्वतःहून कबूल करतो का याची वाट बघतो. तुम्ही कधी बोललेच नाहीत. भलं खेळवलं त्यांनी तुम्हाला.

मग कपाळावरची खोक कशाची? आईला विचारलं. ती आता माझ्याजवळ सौंसरलाच असते. म्हणाली, "थे? म्या मारलं होतं. स्टेशनावरून आले, जेवाले बसले अन् पयल्याच घासाले ताट पालथं घातलं. हातात पोळी उलटवाचा सराटा होता." मी म्हटलं, "मग माय, मी नदीवर निंगालो तवा बोलली काहून नाही?" तिनं पदराचं टोक पिळलं. "थो सराटा एकच डाव उठला, बाबू," म्हणाली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं आहे. पोचलं असतं तर पुढचं वाचून तुम्ही खूश झाले असते, आणि ते मला नको आहे. साहेबांनी लिहिलंय की त्या दिवशी सगळ्यांचे गोटे भिंतीला लागले, खिडकी फोडली ती एकट्या स्वयंपाक्यानं. तेवढी ओळ मी सुनेला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं विचारलं, "कोन आहे हा?" मी ताठ बसून सांगितलं, "माझा बाप."