शास्त्रपेठेचा स्वच्छ नकाशा

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता मीच तुमच्यापेक्षा वयानं मोठी झालेय. तरी तुम्हाला लिहायला बसले की पाठ आपोआप ताठ होते. डोळ्यांसमोर तेव्हाचं घर येतं: स्वयंपाकघरात पिठाच्या दोन डब्यांवर तुमची ड्रॉइंगची फळी आडवी टाकलेली, पूर्वेच्या खिडकीतून उजेड येतोय आणि मी ट्रेसिंगच्या कापडावर खडूची पूड चोळतेय. पूड चोळल्याशिवाय ते मेणचट कापड शाई धरायचं नाही. तुम्ही नगररचनेच्या कचेरीत मुख्य ड्राफ्ट्समन. कचेरीत उरकलं नाही ते काम घरी आणायचात आणि ते मी उतरवून काढायची. माझं नाव हजेरीपटावर नव्हतं, म्हणून प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात तुमची आद्याक्षरं मीच घालायची, अगदी तुमच्या वळणानं. कचेरीत सगळ्यांना ते माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं, इतकंच.

संस्थान विलीन व्हायच्या सुमाराला तो मोठा नकाशा घरी आला. गावाबाहेरच्या माळावर नवी पेठ बसवायची होती. मंगळवार, शुक्रवार, शनिवार अशा पेठा आपल्याकडे होत्याच. ही शास्त्राची पेठ. मुख्य प्रयोगशाळा, माती तपासायची जागा, गुळावर प्रयोग करायचं गुऱ्हाळ आणि एक लांबलचक शेड. फाउंड्रीतल्या कुठल्याही मिस्त्रीनं आपल्या डोक्यातलं इंजिन तिथं आणावं आणि चालवून बघावं. दर दोन इमारतींमध्ये एक बाग, आणि बागेला कुंपण नको हा तुमचा हट्ट. कचेरीतले म्हणाले, लोक म्हशी आणून बांधतील. तुम्ही म्हणालात, बांधू देत, सावलीला टेकलेला एखादा आत डोकावून तरी बघेल. मला त्या बागांचं वेड लागलं होतं. एकेक झाड मी पानापानानं काढलं आणि तुमची बोलणी खाल्ली. ‘झाड काढतीयास का रांगोळी? नकाशा बघायला नसतोय, बांधायला असतोय.’ मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. मग तुम्ही मला रेघा मारायचं नवं रूलिंग पेन आणून दिलंत.

रस्त्याकडेची सगळ्यांत मोठी बाग तुम्ही मुद्दाम तिथं धरली होतीत, कारण तिच्याखाली तळं होतं. तळी बुजवून मैदानं करायची आपल्या गावाची जुनीच खोड. हे तळंही गावाच्या केरानं आणि राडारोड्यानं भरून काढलेलं. वर गवत आलं तसं ते लोकांच्या डोक्यातूनही गेलं. दरबारच्या जुन्या नकाशात मात्र तेवढी जागा निळी होती. भरावावर झाड लावावं, भिंत उभी करू नये, हे तुमचं ठरलेलं वाक्य. पण विलीनीकरणानंतर नवे साहेब आले आणि त्यांना मुख्य प्रयोगशाळा रस्त्यावरून दिसायला हवी होती, म्हणजे नेमकी त्या बागेच्या जागी. तुम्ही हरकत घेतलीत. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं, शेवटच्या प्रतीवर प्रयोगशाळाही दाखवा आणि तळ्याची हद्दही दाखवा, समिती बघून ठरवेल. भराव दाखवायचा तो ठिपक्यांनी. दरबारचं जुनं दप्तर, त्या निळ्या नकाशासकट, तोवर गाड्यांत भरून दुसरीकडे गेलं होतं. म्हणजे ते तळं आता तुमच्या कच्च्या कागदावर होतं आणि मी काढणार त्या कापडावर येणार होतं; तिसरीकडे कुठंच नव्हतं.

आणि तुम्हाला विषमज्वर झाला. मधल्या खोलीत तुम्ही पडून आहात, स्वयंपाकघरात मी फळीवर वाकलेय, समितीची बैठक दोन दिवसांवर आली आहे. आबा, तो नकाशा माझ्या हातून असा उतरला होता, की मी सारखी लांब जाऊन त्याच्याकडे बघत होते. ठिपके शेवटी घालायचे. पहिले दहा-बारा घातले आणि त्यातला एक पसरला, बरोबर प्रयोगशाळेच्या दर्शनी भिंतीवर. ब्लेडनं खरवडला, तर कापड विरायला लागलं. अजून कितीतरी ठिपके घालायचे बाकी होते. मी ते घातले नाहीत. घातलेलेही हलक्या हातानं खरवडून काढले. घाई होती, कापड महाग होतं, असं मी पुढं स्वतःला पुष्कळ सांगितलं. ते खोटं आहे. मोठमोठ्या पाहुण्यांसमोर भिंतीवर लागणारा तो नकाशा मला बिनडागाचा हवा होता.

तुम्ही आतून विचारलंत, ‘ठिपकं घातलंस न्हवं?’

‘घातलं की, आबा.’

कापड उजेडात धरून बघितल्याशिवाय तुम्ही कुणाचं काही मानायचा नाहीत. त्या दिवशी तुम्हाला हात उचलवत नव्हता, म्हणून मानलंत. त्यानंतर नवव्या दिवशी तुम्ही गेलात. तुमचा कच्चा कागद औषधाच्या बाटल्यांखाली अंथरलेला होता, तो आजारपणाच्या अंथरुणाबरोबर जळून गेला. साहेब सांत्वनाला आले तेव्हा म्हणाले, नकाशावर ठिपके नाहीत, म्हणजे वडिलांनी शेवटी हरकत मागं घेतली, समंजस माणूस होता. मी मान डोलावली. त्या वेळी एक शब्द पुरला असता, पायाचा चरसुद्धा खणला नव्हता. पण मला ट्रेसर म्हणून कचेरीत घेणार असल्याचं ते त्याच भेटीत सांगत होते.

प्रयोगशाळा उभी राहिली. बाग सरकून मुरमाच्या उंचवट्यावर गेली आणि तिथली करंजाची रोपं दर उन्हाळ्यात वाळत राहिली. प्रयोगशाळेभोवती मात्र वैशाखातही गवत हिरवंगार असायचं. येणारे लोक कौतुक करायचे, काय जमीन आहे म्हणायचे, आणि मला त्या गवताखालचं तळं दिसायचं. दुसऱ्या वर्षी दारं लागेनाशी झाली. तिसऱ्या वर्षी कपाटातल्या बाटल्या एकमेकींना टेकून आपोआप किणकिणायला लागल्या. तिथं जवळच्या गडमुडशिंगी गावचा एक शिपाई होता, सामानाच्या खोलीवर नेमलेला. नकाशाच्या कामाला गेले की तो मला हटकून त्या खोलीत न्यायचा आणि टाचेनं फरशी वाजवून दाखवायचा. एकदा म्हणाला, ‘ताई, ह्येच्याखाली तळं हाय. आमचा आज्जा गावात दारोदार म्हशी नेऊन धार काढून परत जाताना हितंच म्हशी धूत हुता. सायबास्नी सांगा की. माझं कोण ऐकतंय?’ सांगते, म्हणाले. त्यानं पुन्हा दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा, कुणाला काही न सांगताच, ‘सांगितलंय’ म्हणाले.

पाचव्या पावसाळ्यात, भादव्यात, भर सकाळी त्या खोलीची भिंत बसली. त्या शिपायाला आधीपासून खालून आवाज येत होता म्हणे, म्हणून तो ॲसिडच्या बाटल्या बाहेर काढत होता. पाच काढल्या होत्या, सहाव्या फेरीला आत गेला तेव्हाच ती त्याच्या अंगावर आली. चौकशी झाली. चुना वाईट निघाला असं ठरलं आणि बांधणाऱ्या गवंड्याला पुन्हा कधी सरकारी काम मिळालं नाही. अहवालाला जोडलेला नकाशा उतरवायला माझ्याकडेच आला. मी तो आधीच्या कापडावरूनच उतरवला, आणि तोही स्वच्छ. शिपायाची बायको कचेरीत कागदावर अंगठा द्यायला आली होती, तेव्हा मी तिला पाणी दिलं. ती मला म्हणाली, ‘त्येनी तुमचं लई नाव काढायचं, ताई. ताईंनी वर सांगितलंय म्हणायचं.’ तेवढं ऐकून मी माझ्या टेबलाशी गेले आणि दिवसभर रेघा मारत बसले. मला रडूही आलं नाही, याची लाज अजून वाटते.

भिंत पुन्हा बांधली. इमारत अजून आहे, आत आता शंभरेक मुलं शिकतात. परवा एक तरुण इंजिनीयर घर शोधत आला. नम्र आहे, चपला दाराबाहेर काढून आला. त्या इमारतीवर आणखी दोन मजले चढवायचे आहेत. त्यानं जुन्या कापडाची प्रत उलगडली आणि कोपऱ्यातली आद्याक्षरं दाखवून विचारलं, हे तुमचे वडील ना, यांच्या कामावर विसंबता येईल का. मी चष्मा लावून बघितल्यासारखं केलं. इतक्या वर्षांनीही तो नकाशा सुंदर दिसत होता, आणि आबा, मला आधी तेवढंच दिसलं. मी म्हणाले, ‘आमच्या आबांच्या हातनं कधी चूक झाली नाही. बिनघोर बांधा.’ तो माझ्या पाया पडून गेला.

खरं सांगितलं तर तुमचं नाव जाईल, असं परवापासून मी मनाशी घोकतेय. जाणार आहे ते माझं, हे मला कळतं. त्याचा फोन नंबर माझ्यासमोर आहे. काम सोमवारी सुरू होतंय. हे पत्र त्यालाच लिहायचं म्हणून मी कागद घेतला होता. लिहिलं तुम्हाला, कारण तुम्ही आता काही थांबवू शकत नाही.