बद्रीनाथ तात्यांचा तपास

२६ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. पाली.

आज नव्या नोकरीवर रुजू झाले. बीडच्या स्टँडवर उतरताच रिक्षा मिळाली, रिक्षावाल्याने ट्रंक स्वतः उचलून ठेवली. खोली छान आहे. खिडकीतून धरण दिसतं. यंदा पाणी कमी आहे, पण काठाला बगळे आहेत. अंगणात सीताफळाची तीन झाडं आहेत. फळं पाखरांनी खाण्याआधी तुम्हीच उतरवा, असं मालक म्हणाले. ट्रंकेच्या कडीने बोट कापलं, तर रक्तही त्यांनीच अंगठ्याने पुसलं. पाच महिन्यांत आज पहिल्यांदा पोटभर जेवले. पिठलं, भाकरी आणि दोन सीताफळं.

मालकांचं नाव बद्रीनाथ. सगळे तात्या म्हणतात. साठीचे असतील, उंच, सडसडीत. ते खासगी तपासाचं काम करतात. पुढच्या खोलीत टेबल आणि एक जाड वही. मागच्या खोलीत मायक्रोस्कोप, फ्रीज, रसायनांच्या बाटल्या. लोक मेलेल्या माणसांचे कपडे घेऊन येतात. डाग रक्ताचा आहे का, माणसाचा की जनावराचा, गट कोणता, एवढं मी सांगायचं. अकरा वर्षं मी हेच काम केलं आहे.

माझा भाऊ सत्यम जूनमध्ये गेला. एकोणतीस वर्षांचा होता. गावच्या शिवारातल्या विहिरीत सापडला, डोकं फुटलेलं. त्याचा तपास व्हावा म्हणूनच ही नोकरी धरली. तात्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी काम नीट करून दाखवीन.

२८ ऑक्टोबर, शनिवार.

दुपारी मुक्ताबाई नावाची बाई नवऱ्याचा टॉवेल घेऊन आली. नवरा रानात मरून पडला होता. मी डाग तपासला, अहवाल लिहिला. तात्यांनी तो वाचला नाही. त्यांनी टॉवेलचा एक दोरा उपसला आणि तंबाखू धरावी तसा दाढेखाली धरला. थोड्या वेळाने म्हणाले, दीर. डावखुरा. पहारीने मारलं, मागून.

मुक्ताबाई रडली नाही. तात्यांनी वही पुढे केली. "कबूल हाय का? ज्यानं मारलं त्यो माझा. ज्यानं झाकलं त्यो बी माझा."

ती म्हणाली, "घेऊन टाका, तात्या. दोनदा घेऊन टाका." आणि अंगठा उठवला.

३१ ऑक्टोबर, मंगळवार.

मुक्ताबाईचा दीर धरणाच्या काठी सापडला. मी गर्दीत जाऊन पाहिलं. गळा कानापासून छातीपर्यंत उघडा होता, आतली नळी दिसत होती. खाली मातीवर थेंबही नव्हता. अकरा वर्षांत इतका पांढरा माणूस पाहिला नाही.

परत आले तर तात्या अंगणात भर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. बाहीवर डाग होता. त्यांनी तो लपवला नाही.

सत्यमला एका तऱ्हेच्या रहस्यकथांचं वेड होतं. त्यात डिटेक्टिव्हच रक्त पिणारा असतो. पुस्तक कुठलंही असो, माणूस तोच. परदेशातलं मोठं शहर, लांब कोट, दिवसा झोप, दवाखान्यातून आणलेल्या रक्ताच्या पिशव्या, शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या बायकोचं दुःख. पण गुन्हेगार त्याच्या हातून सुटत नाही. सत्यम म्हणायचा, ताई, तपासाला असाच माणूस पाहिजे. चहापाण्याला विकला जात नाही, चहाच पीत नाही.

मी तात्यांना सरळ विचारलं. ते हसले. अशी सगळी पुस्तकं वाचली आहेत म्हणाले. "उन्हात गेला की जळतो म्हणे! बीडच्या उन्हात समदेच जळतेत, बाई. अन् रडतो लई. शंभर साल बायकोसाठी रडत बसला, तर तपास कवा करणार?"

तो फक्त दोषी माणसाचं पितो, हे तरी खरं का, असं मी विचारलं. तेवढं लिहिणाऱ्यांनी बरोबर लिहिलंय, म्हणाले.

मला भीती वाटायला हवी होती. पण शांत झोप लागली.

२ नोव्हेंबर, गुरुवार.

तात्यांना सत्यमचा करदोटा दिला. सरणावर ठेवण्याआधी कापतात तो. मी तो पदराला बांधून ठेवला होता. अंगातला शर्ट आईने त्याच दिवशी धुतला, म्हणून रक्त एवढ्यावरच राहिलं.

वहीत सही केली. वडील नाहीत, घरात शिकलेली मीच. रेशनपासून बँकेपर्यंत घराच्या सगळ्या सह्या मीच करते. सवयीने लिहिलं, आमच्या घरातर्फे कबूल. मनिषा.

तात्या चार वाजेपर्यंत करदोटा तोंडात धरून बसले. मग म्हणाले, "चुलत्यानं धरलं. चुलत्याच्या पोरानं दगड घातला. तीनदा."

म्हणजे तानाजी काका आणि हनुमान. काकांनी सत्यमला खांदा दिला होता. हनुमान विहिरीत उतरून प्रेत काढत होता आणि हुंदके देत होता.

कारण मला माहीत होतं. सत्यमचं जिच्याशी जुळलं होतं ती वैष्णवी दुसऱ्या जातीची होती. तेरा जूनला बीडच्या नोंदणी कार्यालयात दोघं लग्न करणार होते. बारालाच सत्यम गेला. दारू पिऊन विहिरीत पडला, असा जबाब काकांनी लिहून आणला आणि मी त्यावर सही केली. सत्यम सुपारीसुद्धा खात नव्हता.

तात्यांनी विचारलं, चुलत्याला लग्नाचा दिवस कसा कळला. मी म्हणाले, गावात काय लपतं.

त्यांनी प्रश्न वहीत उतरवला, उत्तराची जागा कोरी सोडली.

५ नोव्हेंबर, रविवार.

तात्यांच्या जीपमधून आमच्या गावी, धर्मापुरीच्या शिवारात गेलो. मला सोबत घेतलं, नोंद करायला. रस्त्याने ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या. ट्रॅक्टरवर बायका, भांडी, शेळ्या. शिवार रिकामं होत होतं.

काका विहिरीजवळ मोटार सुरू करत होते. मला बघून म्हणाले, "कावून आलीस गं? फोन तरी करायचा." तात्यांनी त्यांचा हात धरला आणि खांद्यापासून उपसला. शेवग्याची फांदी मोडावी तसा आवाज झाला. काका ओरडले, तेव्हा तात्यांनी तोंड त्यांच्या गळ्याला लावलं. काकांचे पाय मातीत घासत राहिले. मी मोबाईलवर बघितलं, अकरा मिनिटं लागली. नंतर तात्यांनी त्यांना विहिरीत टाकलं. हातही टाकला.

मी नोंद केली. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं आहे.

७ नोव्हेंबर, मंगळवार.

काका नाहीसे झाल्यावर हनुमान बीडला पळून आला होता. मित्राच्या गोडाऊनमध्ये लपला होता. तात्यांनी वासावरून शोधून काढला. दारात उभे राहून हाक मारली. हनुमानला वाटलं, डबा घेऊन कुणी आलं. म्हणाला, ये बे, उघडंच हाय.

तेव्हा तात्या आत गेले.

हनुमान मला बघून ताई ताई म्हणत होता. तात्यांनी त्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडला, फाटेपर्यंत. मग डोकं उंबऱ्यावर — तीनदा. मोजून. नंतर प्यायले. माझ्या चपला भिजल्या.

हे मला हवं होतं. पाच महिने हेच मागत होते.

उलटी थांबत नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार.

झालं ना, आता वही मिटा, असं मी तात्यांना म्हणाले. ते म्हणाले, मारणारे झाले, झाकणारे बाकी आहेत. शर्ट कुणी धुतला?

आईने. सुंदरबाईने. सोडा घालून, दगडावर.

मी सांगितलं, ती बासष्ट वर्षांची आहे. काकांनी तिला दम दिला असेल. तिने पोर गमावलं आहे. मी पाया पडले. ते म्हणाले, "सही घराची हाय, बाई. तुमच्या एकलीची न्हाई."

मी वही फाडायला गेले. त्यांनी माझा हात नुसता धरला. दोन बोटं मोडली आहेत. डाव्या हाताची. लिहिता येतं.

ते धरणाकडे हात धुवायला गेले तेव्हा मी पळाले. मिळेल ती एसटी —

१० नोव्हेंबर. धर्मापुरी.

आईला सगळं सांगितलं. तिला वाटतं, भावाच्या दुःखाने माझं डोकं फिरलं. काका आणि हनुमान कामाने बाहेरगावी गेलेत, म्हणते. शर्टाचं विचारलं तर म्हणाली, काकांनी धुवायला सांगितला, मी धुतला. डाग जात नव्हता. बाई माणूस काय विचारणार?

मी दाराला आतून कडी घातली आहे. गोडाऊनच्या दारात ते थांबले होते. हनुमान ये म्हणाला, मगच आत गेले. पुस्तकांतही असंच असतं. सत्यमने मला सांगितलं होतं. बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

कडी काढायची नाही. कुणाला ये म्हणायचं नाही. आईला शपथ घातली.

ती म्हणते, दुखवट्याची पहिली दिवाळी. आपल्या घरी फराळ होत नाही, म्हणून सोयरे घेऊन येतात. दार लावून बसलो तर लोक काय म्हणतील.

१२ नोव्हेंबर, रविवार. दिवाळी.

सकाळपासून चारदा दार वाजलं. उघडू दिलं नाही. मावशी शिव्या देऊन गेली —

दुपारी एक. मी मागे पाणी काढत होते. कडी वाजली. धावले. आई दारात होती. बाहेर उन्हात तात्या, हातात लाडूचा डबा. आई म्हणत होती, भाऊ, उन्हात कशाला उभे, या की आत, पाणी घ्या —

तिने त्यांना पाट दिला.

मी विळी मारली. पाठीत रुतली. त्यांनी मागे बघितलंसुद्धा नाही. आईचा हात तिच्या पदरावरच होता, पदर डोक्यावर ओढायला, परका माणूस म्हणून — मान उलटी फिरली — पाट लाल, भिंत लाल, लाडू —

ती शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती.

त्याच दिवशी

ते समोर बसले आहेत. दाराला कडी त्यांनीच घातली. तोंड पुसलं. माझी ही वही त्यांनीच उघडून दिली. म्हणाले, तपास पुरा व्हायला एक जबाब बाकी आहे. ज्या दिवशी माझा हात धरला त्या दिवशी नाही, पहिल्याच दिवशी त्यांना कळलं होतं. ट्रंकेच्या कडीने माझं बोट कापलं होतं, तेव्हा. मी स्वतः लिहीन का, हे त्यांना बघायचं होतं.

लिहिते.

काकांना दिवस मी सांगितला. अकरा जूनला, फोन करून. मला वाटलं, सत्यमला दोन दिवस घरात कोंडतील. रागावेल, मग निवळेल. त्या पोरीला विसरेल. त्याला मी लहानाचं मोठं केलं होतं. मला न विचारता त्याने —

नाही. विचारलं होतं. सगळ्यांत आधी मलाच सांगितलं.

तात्या उठले आहेत. वाचतायत, खांद्यावरून. लवकर, म्हणतात.

लग्नाला साक्षीदार लागतात. सत्यमने माझं नाव दिलं होतं. मी त्याला म्हणाले होते, तू नक्की ये, भिऊ नको, मी कार्यालयाच्या दारात तुझी वाट —