आधी त्याची रेघ

सोमवार
नोकरी लागली एकदाची! काम मजेशीर आहे: यंत्राच्या हाताला शिकवायचं. माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पट्ट्या चिकटवल्या, तशाच त्या लोखंडी हातावरही. बॅटरी नाही, वायर नाही. पट्टी वाकली की त्या वाकण्यातूनच वीज होते आणि पडद्यावर रेघ उमटते, असं इंजिनिअरबाईंनी समजावलं. मी बाटली उचलते, वळवते, ठेवते, मागोमाग तोही. विद्यार्थी गुणी आहे, उलट उत्तर देत नाही. माझ्या चिमणीने विचारलं, तो हात टाटा करतो का?

गुरुवार
दिवसभर तेच ते. अंगाचा पार पिट्ट्या पडलाय. घरी पेला विसळून उचलला, वळवला, ठेवला. पुन्हा उचलला. सासूबाई म्हणाल्या, अगं, किती वेळ तो एकच पेला? मला कळलंच नव्हतं. दमणूक, दुसरं काय.

शनिवार
पडद्यावर आधी माझी रेघ येते, मग त्याची. आज उलटं झालं. बाई म्हणाल्या, रेघांच्या नावांची अदलाबदल झाली असेल. पण मी माझा हात हलवलाच नव्हता. तो आपोआप हलला.

मंगळवार
नोकरी सोडली. पट्ट्या काढून दिल्या. तरी चिमणीची वेणी घालताना मूठ आवळली, ती सुटेना. पोर कळवळली. सासूबाईंनी माझं एकेक बोट उघडलं.

बुधवार
डाव्या हाताने लिहितेय. बाईंना फोन केला, तो हात बंद करा म्हटलं. आज दुपारी पकडीची चाचणी आहे, पूर्ण जोर लावून. पाहुणे आलेत, थांबवता येणार नाही. तुम्ही जरा आराम करा, म्हणाल्या.

उजवा हात ओढणीने खाटेला बांधून घेतला. सासूबाईंनी बाहेरून कुलूप लावलं आणि चिमणीला शोधायला गेल्या, ती कुठे खेळायला गेलीय कोण जाणे. बोटं मिटतात, उघडतात. भीतीसुद्धा वाटेनाशी झालीय, इतकी थकलेय. निदान खोलीत कुणी नाही.

खाटेखालून हसू ऐकू आलं.

लपली होती — इथेच —

हाका मारतेय. सासूबाई लांब गेल्या.

तिला म्हटलं, दूर हो. ती म्हणते, आई, हात दुखतोय ना तुझा? मी सोडवते. इवली बोटं गाठीत —

मूठ मिटायला लागली — चिमणे, गाठ नको सो