राखाडी हिरालक्ष्मी

मिरकरवाडा, रत्नागिरी
नारळी पौर्णिमेनंतरचा मंगळवार

ती. रुपालीताईस,
सर्वेशचा वाकून नमस्कार.

तुझी पाठ कशी आहे? जिजाजींचा खोकला गेला, की आता घरचाच झाला? सानवीला माझे आशीर्वाद सांग. तिने मागितलेले इअरफोन पाठवता येणार नाहीत. कारण खाली येते आहे. इकडे सगळे क्षेम आहे. (हे वाक्य पत्रात असावे लागते म्हणून लिहिले.)

मेमध्ये इथे आलो तेव्हा रजेवर आलो आहे असे शिवाकाकांना आणि हिराकाकूला सांगितले. ती रजा नव्हे. कंपनीने मला मार्चमध्ये काढले. हे इथे कुणाला माहीत नाही आणि फोनवर तुला सांगता येत नाही, कारण या घरात कुणी फोनवर हळू बोलू लागले की काकू टीव्ही बंद करते. म्हणून पत्र. आई-बाबांच्या मागे या दोघांनी आपल्याला वाढवले. त्यांच्या बोटीने आणलेल्या मासळीवर मी मुंबईच्या कॉलेजात वस्तूंना आकार द्यायला शिकलो. तो मुलगा पन्नाशीला टेकल्यावर रिकाम्या हाताने परत आला, हे त्यांना कसे सांगायचे ते मला अजून जमलेले नाही. शब्दांची रचना हा माझा विषय नव्हे.

काढताना नव्या साहेबांनी माझेच वाक्य मला ऐकवले. तुला ठाऊक आहे ते; पुरस्कार घेताना मी दरवेळी म्हणायचो. जे काढल्यावर काही बिघडत नाही, ते मुळात नकोच होते. या एका वाक्यावर मी चोवीस वर्षे जगलो. फोनचे बटण काढले, स्पीकरची जाळी काढली, इअरफोनची वायर काढली, चार्जरवरचा दिवाही काढला (लोक अंधारात चाचपडले, पण मासिकांनी लेख लिहिले). मग त्यांनी मला काढून पाहिले. काही बिघडले नाही. मी आभार मानून बाहेर आलो.

इथे आल्यापासून हात स्वस्थ बसत नाहीत. पहाटे उठून जेटीपर्यंत जातो, परत येतो, पुन्हा जातो. वाड्यात मी ‘मोबाईल बनवणारा’ म्हणून माहीत आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्यात लोक फुटलेले फोन घेऊन ओट्यावर बसू लागले. त्यांतले दोन माझेच निघाले, म्हणजे मी आखलेले. मला ते उघडता आले नाहीत. ते उघडूच नयेत यासाठी मी तीन वर्षे भांडलो होतो. लोक उठून गेले. मग मी घरात लक्ष घातले. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या आणि सगळे डबे एकसारखे केले. दोन दिवस आम्ही गोड आमटी खाल्ली. मोरीच्या दाराची कडी मला जड वाटत होती, तीही काढली. त्या दारावर आता एक चिंधी लोंबते. ती बाहेर दिसली की आत माणूस आहे असे समजायचे. (ही रचना काकूची. उत्तम चालते.)

शेवटी काका म्हणाले, “हाताला काम घे, मेल्या, नायतर माझं घर उतरवशील.” आणि त्यांनी मला बोट दिली. रंगवायला.

जून-जुलैत बोटी वर ओढून प्लास्टिकखाली झाकलेल्या असतात, तेव्हा त्यांची रंगरंगोटी होते, हे तुला सांगायला नको. आपली बोट तुला आठवते तशीच होती. हिरवी, वर केशरी पट्टा, त्यावर पिवळी वेलबुट्टी, पुढच्या टोकाला नाळेवर दोन्ही बाजूंना लाल जाड अक्षरात ‘हिरालक्ष्मी’. मी तिच्याभोवती दोन दिवस फिरलो. मग पॉलिश पेपर घेतला. पट्टा काढला, वेलबुट्टी काढली, नाव काढले. कायद्याचा नंबर तेवढा ठेवावा लागला. तो बारीक केला. रंग मी स्वतः मिसळला. खाडीच्या तोंडाशी उभे राहून, समोरचे पाणी पाहत, त्या राखाडीशी ही राखाडी जुळेपर्यंत. ताई, इतका नेमका रंग मला उभ्या आयुष्यात साधला नव्हता. काकांनाही आवडला. निदान ते म्हणाले, “फॉरेनची वाटते.” बोट प्लास्टिकखाली असल्यामुळे काकूने काही पाहिले नाही.

पौर्णिमेला ती नऊवारी नेसून ताट घेऊन आली. दरवर्षी समुद्राला नारळ देण्याआधी ती बोटीवरच्या नावाला हळद-कुंकू लावते. कुंकवाचे बोट घेऊन ती या बाजूला गेली, मग त्या बाजूला गेली. नाव नव्हते. मागे सगळी बायामाणसे उभी. शेवटी ते कुंकू तिने माझ्या कपाळावर लावले, जरा जोरातच. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण “त्याला म्हणावं, ताट झालंय,” असे मांजराला सांगते.

दुसऱ्या दिवशी बोट बाहेर गेली. मीही गेलो. आभाळ भरलेले, पाणी राखाडी, झिमझिम. म्हणजे माझ्या रंगाला अगदी पूरक हवा. बंदराबाहेर नाना डोर्लेकरांची बोट सरळ आमच्या अंगावर आली. काका ओरडले, खलाशी ओरडले. नाना आपल्या नाळेवर उभे राहून आमच्यावरून पलीकडे पाहत होते. “ए शिवा! आवाज येतोय तुझा, हायस कुठं?” “तुझ्या नाकाखाली, आंधळ्या!” एक हात अंतरावरून ती गेली. काकांनी आपला केशरी टी-शर्ट काढून काठीला बांधला आणि ती काठी माझ्या हातात दिली. परत येईपर्यंत मी ती धरून उभा होतो. संपूर्ण रचनेत तेवढाच भाग उपयोगी ठरला.

जेटीला लागलो तेव्हा काकू पाट्या घेऊन उभी होती. बोट तिच्यासमोर बांधली तरी ती समुद्राकडेच पाहत राहिली. मग खाली बघून नवऱ्यालाच विचारते, “कुणाची हो ही?” सगळी जेटी हसली. ती हसली नाही. तिचा चेहरा मी पाहिला, ताई. आमची बोट आली नाही, असे तिला मिनिटभर खरेच वाटले होते.

तर असे आहे. बाकी हवा छान आहे, झोप लागते (लागत नाही), चिंता नसावी. जिजाजींना नमस्कार.

तुझा,
सर्वेश

ता. क. एक काम आहे. काकांनी नाव परत घालायला सांगितले आहे, गणपतीच्या आत. मी आयुष्यात वस्तूंवरची नावे काढली; घातले एकही नाही. तीनदा लिहिले. काका म्हणाले, “हे औषधाच्या बाटलीवर असतं तसं दिसतं.” जुन्या पेंटरचे ते अक्षर, लाल पोट आणि पिवळी सावली, मला आठवत नाही, आणि मी खरवडण्याआधी फोटो काढला नव्हता. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तुम्ही दोघे बोटीसमोर उभे आहात. ‘लक्ष्मी’तला अर्धा भाग तुझ्या शालूमागे गेला आहे, पण ‘हिरा’ पूर्ण दिसतो. तो फोटो पाठव. पत्र मुळात याचसाठी होते.

ता. क. २ लखोटा चिकटवणार तेवढ्यात काकू मागे येऊन उभी राहिली. पाच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “रुपालीला नोकरी गेल्याचं लिवलंस काय?” मी विचारले, तुला कसे कळले? म्हणाली, “रजेवर येणारा माणूस उशी घेऊन येत नाय.” काकांनाही मेपासून ठाऊक आहे. बोट त्यांनी म्हणूनच दिली होती.

ता. क. ३ मग मीही विचारून घेतले. मी इथून गेलो तर काय बिघडेल? काकूने जरा विचार केला. “काय नाय,” म्हणाली. “भात उरेल.”

मी इथेच थांबतो आहे. फोटो लवकर पाठव.