तृतीयेची ओहोटी

माय, गेल्या रविवारी सकाळी पूजा आटोपली आणि निरांजन विझायच्या आतच मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, फरशीवर पसरलं आणि त्याच्यापुढं मांडी घालून बसलो. तुझी सून पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आता कोणता उपास शोधताय? आहेत ते काय कमी पडायलेत?" मी म्हटलं, "उपास नाही. ओहोटी शोधतोय." लाटणं थांबलं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तू मला पहिल्यांदा चष्म्यात पाहिलं होतंस. ओहोटी म्हणजे समुद्राचं पाणी मागं सरतं ती वेळ, आणि ती वेळ चंद्रावर चालते, म्हणजेच तिथीवर. इतकी वर्षं एकादशी-चतुर्थी बघत आलो, आणि त्याच चौकटींमध्ये एक अख्खा समुद्र वर-खाली होतोय याचा पत्ताच नव्हता.

तुला सगळं नीट सांगतो. तुझी नात आता पुण्याला नोकरी करते. यंदा तिला दिवाळीला चांगली सुट्टी मिळाली आहे, आणि तिनं ठरवलं की लक्ष्मीपूजन घरी करायचं आणि मग आपण तिघांनी कोकणात जायचं. त्यातला एक दिवस एका गुहेसाठी. कड्याच्या पायथ्याशी समुद्रानं पोखरलेली गुहा आहे. भरतीला तिचं तोंड पाण्याखाली असतं. ओहोटीला होडीवाला तिथल्या वाळूवर सोडतो, मग चालत आत जायचं. आत छताला एक भोक आहे, तिथून ऊन सरळ खाली पडतं. तिनं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ पाठवला. जेवणाच्या सुट्टीत, बसमध्ये, झोपायच्या आधी, मी तो इतक्यांदा पाहिला की कंपनीतला शेजारचा म्हणाला, "काय बघायलेत एवढं? पिक्चर हाय का?" मी समुद्र एकदाच पाहिलेला आहे. कामासाठी मुंबईला गेलो होतो, तेव्हा कठड्याच्या अलीकडून.

व्हिडिओखाली होडीवाल्याचा नंबर होता. मी आधी स्वतःच हिशेब केला. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते असं दिसलं. मला बरं वाटलं, सकाळी पूजा होईल, नाश्ता होईल, मग निवांत निघता येईल. मोठ्या विश्वासानं फोन केला आणि म्हटलं, "अष्टमीला येतो." पलीकडून हसणंच ऐकू आलं. "अवो दादानू, अष्टमीक भांगाचा पाणी. ता खय मागे जाता? गुहेचा तोंडच उघडाचा नाय." मग त्यानं समजावलं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जसं खूप चढतं तसंच खूप मागंही सरतं. अष्टमीला भांग, म्हणजे ते जागच्या जागी रेंगाळतं. द्वितीया-तृतीया चांगली, सकाळी आठच्या सुमाराला या. मी विचारलं, "आत कोणता देव आहे?" आपल्याकडं वेरूळच्या डोंगरात प्रत्येक लेण्यात कोणी ना कोणी बसलेलं असतं, म्हणून माझ्या तोंडून ते आपोआप गेलं. तो म्हणाला, "देव? आत कुर्ले आसत, खेकडे. नमस्कार करूचो तर त्यांका करा."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकटाच हसत होतो. पण ती गोष्ट मनातून जाईना. आपल्या खुलताबादच्या घाटावरून खाली उतरलं की लेणी, शाळेच्या सहलीही तिथंच. गुहा म्हटलं की छिन्नी, हातोडा आणि पिढ्यान्‌पिढ्या राबलेले हात हेच माझ्या डोळ्यांपुढं येतं. इथं कोणी हुकूम दिला नाही, कोणी नवस बोललं नाही, आणि पाणी एकाच जागी धडका देत राहिलं. ज्यानं ते पाणी हलवलं त्याचं नाव घेऊन मी रोज सकाळी हात जोडतो. त्याचं काम मात्र मी जवळून कधी पाहिलेलं नाही. ते मला पाहायचं आहे, माय. आत उभं राहून पाहायचं आहे.

आणि इथंच तू आडवी आलीस.

मामा मला नीट आठवतो. तुला दिवाळीला माहेरी न्यायला आला होता. पाऊस चांगला झालेला, मळ्यातली विहीर काठोकाठ. मामानं सकाळी उडी मारली आणि तो वर आलाच नाही. मी तिसरीत होतो. माणसं त्याला बाहेर काढत होती आणि तू मला दंडाला धरून घरात ओढत आणलंस. तुझ्या हाताला पिठाचा, तेलाचा वास येत होता, मला आजही येतो. माझा हात तू तुझ्या गळ्यावर दाबून धरलास आणि म्हणालीस, "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. जन्मात पाण्यात उतरायचं नाय." मी हो म्हणालो. आम्ही पोरं खेळताना शपथ घालायचो, आणि ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हटलं की ती सुटायची. तू कधीच "सुटली" म्हणाली नाहीस. मीही विचारलं नाही. पुढं तू अंथरुणाला खिळलीस, तेव्हा असलं काही विचारणं म्हणजे तू जाणारच असं धरून चालणं झालं असतं.

त्या वर्षापासून भाऊबीजेला तू ताट घेऊन अंगणात यायचीस आणि मावळतीकडच्या चंद्राच्या बारीक कोरीला ओवाळायचीस. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मी ताटातली साखर खायला मिळायची वाट बघत उभा असायचो.

शपथ मी पाळली. पैठणला गोदावरीत सगळे उतरायचे, मी पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करायचो. मित्र म्हणायचे, "घ्या रे याला बरोबर, कपडे सांभाळायला हक्काचा माणूस हाय." लग्नानंतर तुझ्या सुनेनंही ते धरून घेतलं. गुहेचं ठरलं तेव्हा तीच म्हणाली, "तुम्ही किनाऱ्यावर बॅगांपाशी बसा, आम्ही दोघी जाऊन येतो." नेहमीसारखं "बरं" म्हणालो. होडीवाल्यालाही दोनच माणसं सांगितली. पण त्या संध्याकाळी मी गुलमंडीवर गेलो आणि स्वतःसाठी रबरी तळाचे बूट मागितले. दुकानदार पोरगा म्हणाला, "चाचा, ट्रेकिंग कू जारे क्या?" मी म्हटलं, "समुंदर में." तो म्हणाला, "ह्याँ कां का समुंदर, चाचा?" पण त्यानं चांगले बूट दिले, पाणी आत आलं तरी बाहेर जाईल असे. किनाऱ्यावर बॅगांपाशी बसणाऱ्याला असले बूट कशाला लागतात? घरी येऊन मी ते कपाटात मागं ठेवले. तुझ्या सुनेला ते दुसऱ्याच दिवशी सापडले. तिनं त्यात माझे जाड मोजे घालून ठेवले.

मग मी बिडकीनच्या पुढं, मावशीकडं गेलो. तुझ्या पाठची, आता तुझं माणूस म्हणून ती एकटीच उरलेली. ओट्यावर ऊन घेत शेंगा फोडत बसली होती. मी पाया पडलो, पुढ्यात बसलो आणि सरळच म्हटलं, "मावशे, मायनं मला पाण्याची शपथ घातली होती. ती तर गेली. तिच्या वतीनं तू सुटली म्हण." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "येडा झाला का रे? तिनं घातली, म्या कशी सोडू? ते काय दावं हाय व्हय, कुणीबी सोडावं?" मी गुहेचं सांगितलं, होडीवाला अंगात तरंगायचं जाकीट देतो तेही सांगितलं, व्हिडिओ दाखवला. तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. आणि पाण्याकडं बघता बघता म्हणाली, "तुही माय असती तर पवत गेली असती हितं."

मला वाटलं, वयानं गोंधळली. मी म्हटलं, "माय आणि पोहणार?"

"मंग? तुला ठावं नाय? लई पवायची. काष्टा मारून ह्या काठाहून त्या काठाला. गड्यांना मागं टाकायची. तुह्या मामाला पवायला तिनंच शिकवलं." शेंगा सुपात टाकून तिनं हात झटकले. "त्या दिशी ती विहिरीवर असती तर काढला असता तिनं त्याला. पर घरात बसली व्हती, त्याच्यासाठीच करंज्या तळत. लोकं बोलवायला आले तवर सरलं व्हतं. तुला शपथ घातली तवा तिनं सोतालाबी घातली, बाबा. मंग कधी नदीत पाय नाय टाकला तिनं."

माय, पैठणच्या त्या पायरीवर आपण दोघं बसायचो. एक तांब्या तू माझ्या डोक्यावर ओतायचीस, एक मी तुझ्या. मला वाटायचं, तू माझ्यावर पहारा करायला बसली आहेस. पात्राकडं तोंड करून तू गप्प व्हायचीस, आणि मी तांब्या पुढं केला की दचकायचीस. तू काय बघत होतीस हे मला त्या ओट्यावर, शेंगांच्या फोलपटात बसून कळलं. ह्या काठापासून त्या काठापर्यंतचं पाणी.

मी रडलो नाही, तुला वाटेल तसं. मला उलट फार आनंद झाला. तुझे ओले केस, मारलेला काष्टा, मागं पडलेले गडी. अशी तू मला कोणी कधी दाखवलीच नव्हती. मावशीला म्हटलं, "अजून सांग." तिनं चहा होईपर्यंत सांगितलं. निघताना म्हणाली, "सुटली मी नाय म्हणणार. पर तिनं शपथ घातली ती लेकराला. आता तू लेकरू राह्यला का? डोस्क्यावरचे केस बघ की. जा. आन् त्या जाकिटाचा नाडा घट बांध."

आता सगळं ठरलं आहे. पाडव्याला पहाटे निघायचं, भाऊबीज तिकडं. तुझी सून तिच्या भावाला फोनवरच ओवाळणार आहे, तो आत्तापासून रुसला आहे. तृतीयेला सकाळी पूजा लवकर उरकीन, खोलीत जी जागा मिळेल तिथं. पोरगी म्हणते, "आबा, तुम्ही किनाऱ्यावर बसून फोटो काढा आमचे." तिला अजून सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, ते मलाही कळतं. वाचणाऱ्याला वाटेल, मी आईची परवानगी मागायला बसलोय. पण तुझ्यापाशी कशाला लपवू? मी लिहायला बसलो ते आज रात्रीचं जेवण झाल्यावर. होडीवाल्याला फोन सकाळीच केला होता. त्याला म्हटलं, तृतीयेला आमची दोन नाही, तीन माणसं. त्यानं विचारलं, "तिसऱ्याक पोहूक येता?"

मी म्हटलं, "मला नाही येत. माझ्या आईला येत होतं."