चर्चखालचा कोळसा

२ मार्च १९७९, शुक्रवार. अहमदी, कुवेत
सकाळची ड्यूटी. खिडकीजवळच्या बेडवर मि. हॅरल्ड, तेलाच्या पंपांवरचा इंग्रज फोरमन. यापुढे नुसतं हॅ., एवढं नाव रोज कोण लिहिणार. हार्ट अटॅकला आठवडा झाला. चहा पाणचट म्हणून माझ्याशी भांडला, म्हणजे बरा होतोय. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात विमानप्रवास नाही. तोंड पाडून बसला. घरी कोण असतं, विचारलं. म्हणे, एक बहीण आणि एक चर्च.

५ मार्च
चर्चचा उलगडा झाला. हॅ.चं गाव यॉर्कशायरमधलं, कोळशाच्या खाणींचं. चर्च खाणींच्याही आधीचं. खाली सगळीकडे कोळसा, पण चर्चच्या बरोबर खाली कोळशाचा एक जाड खांब सोडायचा, त्याला हात लावायचा नाही, असा नियम. नाहीतर चर्च खचेल. तरी खचलंच. भिंतींना तडे, मनोरा कललेला. ईस्टरनंतर पाडणार, असं बहिणीनं कळवलंय.
आणि एक रीत. लेंटच्या उपासांतल्या एका रविवारी, चर्च ही गावाची आई म्हणून त्याला आईचा रविवार म्हणतात, सगळं गाव हातात हात धरून चर्चभोवती कडं करतं आणि चर्चला मिठी मारतं. तो रविवार या पंचवीस तारखेला. ह्याला तिथं जायचंय, शेवटचं. मला आधी हसू आलं. मग त्याचा चेहरा बघितला आणि हसू आवरलं.

९ मार्च, शुक्रवार
इथं शुक्रवार हाच आमचा रविवार. उपासना झाल्यावर पाद्रीसाहेबांना विचारलं, हॅ.साठी आपल्या चर्चला मिठी मारू या का? तेवीसला हो म्हणाले.
घरी हे म्हणाले, "आज मिठी, उद्या घंटेचा मुका घ्यायला सांगशील." आणि संध्याकाळी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतून शिफ्ट संपवून आले ते थेट रूथला घेऊन चर्चला. बापलेकीनं हात पसरून भिंती मोजल्या. म्हणतात, माणसं पुरणार नाहीत. रूथचं मत: "मम्मी, इट्स सो सिली." बारा वर्षांची आहे, तिला सगळंच सिली.

१३ मार्च
आज हॅ. बोलला ते कुणाला सांगण्यासारखं नाही. इथं लिहिते.
सव्वीस साल, खाणकामगारांच्या संपाचं वर्ष. हा दहाएक वर्षांचा. थंडी सुरू झालेली, घरात जाळायला काही नाही, आई बाळंतीण, तान्ही बहीण. वडील ह्याला घेऊन एका जुन्या बोगद्यातून आत शिरले आणि चर्चखालच्या त्या खांबाचा कोळसा फोडून पोत्यात भरून आणला. एकदा नाही, बरेचदा. वडील आता नाहीत. दुसऱ्या कुणाला हे ठाऊक नाही.
"चर्च मी पाडलंय, सिस्टर. आणि तिला मिठी मारायला जायचं म्हणतोय."
त्याच्या बोलण्यात चर्च म्हणजे 'ती'. मी नाडी बघितली, उशी सारखी केली, बाहेर आले. काहीतरी बोलायला हवं होतं.

२३ मार्च, शुक्रवार
झाली मिठी. कशी झाली ते विचारू नये.
डॉक्टरांनी तासाभराची परवानगी दिली. हॅ. व्हीलचेअरवर, टाय बांधून. जलीब वस्तीतून आपली मराठी मंडळी आली, मल्याळी आले, गोवेकर आले, थोडे इंग्रज. आपल्या लोकांनी नगरच्या सवयीनं दाराशी चपला काढल्या. इंग्रज बूट घालूनच उभे. कडं एवढ्याशानं कमी पडलं, मागच्या बाजूला, एसीच्या डब्यापाशी. रूथ पलीकडे, मी अलीकडे. शेवटी पदराचं टोक तिच्या हातात दिलं. धरलं तिनं. सिली म्हणाली नाही.
गाणं सुरू झालं आणि आपली माणसं चालायला लागली! कुणी सांगितलं नव्हतं. देवाच्या घराभोवती हात धरून उभं केल्यावर आणखी काय करणार? पणजोबा ख्रिस्ती झाले, पाय अजून व्हायचेत. इंग्रज बिचारे ओढले गेले, माझ्या शेजारी हॅ.ची खुर्ची हे एका हातानं ढकलतायत. लाजेनं मेले मी.
हॅ. म्हणाला, आमच्याकडे जागेवर उभं राहतात, तिला धरून. सगळ्यांना थांबवायला निघाले, तर त्यानं माझा हात धरला.
"चालू दे. उभं राहून आमची कुठं टिकली?"
प्रदक्षिणा पुरी झाली.

२९ मार्च
हॅ.ला विमानाची परवानगी. नोकरीही संपली, आता परत येणं नाही.
झोपताना रूथ: "मम्मी, डझ द चर्च फील इट?" म्हटलं, माहीत नाही गं.

७ एप्रिल, शनिवार
हॅ.ला विमानतळावर सोडून आलो. हे सामानाच्या रांगेत, मी खुर्चीपाशी. मी विचारलं, तान्ही बहीण होती ना, ती त्या थंडीत जगली?
"जगली की. मला उतरवून घ्यायला तीच येणार आहे."
मग इतके दिवस अडकलेलं तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "तुम्ही तिला आई म्हणता. मग चोरलं म्हणू नका. लेकराला थंडी वाजत होती, आईनं आपल्या अंगाखालचं काढून दिलं."
हॅ. चष्मा काढून हातात धरून बसला. खुर्ची ढकलणारा आला आणि घेऊन गेला.
पाडायला अजून आठवडा आहे. उद्यापर्यंत पोचून तिच्यासमोर उभा असेल. मिठी मारेल की लांबूनच बघेल, कुणास ठाऊक.